रंगीत पडदा फाटला, पण नजर कुठे अडली?

चोपडा तालुक्यातून एका भावाने आपल्या धाकट्या भावाविषयी विचारलं आहे. धाकटा 22 वर्षांचा. 16 दिवसांपूर्वी मोटारसायकलला कडब्याचा भारा बांधताना ट्यूबचं ताणलेलं रबर हातातून निसटलं आणि उजव्या डोळ्यावर बसलं. डोळ्यात रक्त भरलं होतं, ते आठवडाभरात उतरलं. आता बाहुली गोल राहिलेली नाही, एका बाजूने सपाट दिसते. बुबुळाच्या कडेला काळी फट पडली आहे. त्या डोळ्याने समोरच्याची बोटं तेवढी मोजता येतात. "डॉक्टर म्हणाले पडदा फाटला आहे. पडदा शिवला तर नजर परत येईल का? आणि किती दिवसांत शिवायला हवा?"

भाऊ, तुमच्या प्रश्नातल्या 'पडदा' या शब्दापासूनच सुरुवात करतो. आपल्याकडे डोळ्यातल्या दोन अगदी वेगळ्या गोष्टींना पडदा म्हणतात. एक पुढचा, बुबुळाचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस. तपकिरी रंगाची ही चकती बाहेरून दिसते, तिच्या मधल्या भोकाला आपण बाहुली म्हणतो. दुसरा मागचा पडदा, म्हणजे रेटिना. चित्र उमटतं ते त्याच्यावर. गेली 26 वर्षं मी जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात डोळ्यांचं काम करतो, आणि या एका शब्दामुळे नातेवाइकांचा झालेला घोळ मी कितीतरी वेळा पाहिला आहे. पुढचा पडदा फाटलाय असं ऐकून कोणी रेटिनाच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायला लागतं. मागचा सुटलाय असं ऐकून कोणी "बाहेरून तर काही दिसत नाही" म्हणत महिनाभर घरी बसतं. तुम्ही जे वर्णन केलं आहे, सपाट बाहुली आणि कडेची काळी फट, ते पुढच्या पडद्याचं आहे. तो मुळापासून सुटला आहे.

या पुढच्या पडद्याच्या फाटण्यामुळे नजर बोटं मोजण्याइतकी खाली येत नाही. उजेडाने डोळे दिपतील, एकाच डोळ्याने दोन-दोन दिसेल, अक्षर थोडं पुसट होईल, इतकंच. बोटं मोजण्यापर्यंत नजर उतरली असेल तर ती दुसरीकडे कुठेतरी अडली आहे. ती कुठे अडली, हे आधी शोधायचं. शिवणं त्यानंतर.

मार कसा बसतो ते समजलं की बाकीचं आपोआप समजेल. डोळा म्हणजे पुढून मागे साधारण 24 मिलिमीटरचा, पाण्याने आणि जेलीने भरलेला गोळा. पाणी दाबून लहान होत नाही. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी वरून दाबली की ती बाजूंनी फुगते, तसा डोळा समोरून चपटा होतो आणि कमरेत फुगतो. ही फुगण्याची क्रिया क्षणाच्या लहानशा भागात होते. रंगीत पडदा आपल्या मुळाशी सगळ्यात पातळ असतो, म्हणून तो तिथूनच उसवतो. पण त्याच क्षणी त्याच्या शेजारचा, पाणी निचरणारा कोपराही ताणला जातो. भिंगाला जागेवर धरणारे बारीक धागे ताणले जातात. मागच्या पडद्याची कडा ओढली जाते, आणि धक्क्याची लाट थेट मागे, जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते त्या मध्यबिंदूपर्यंत आणि डोळ्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसेपर्यंत पोचते. बाहेरून दिसणारी फाटलेली बाहुली ही त्या धक्क्याची साक्षीदार आहे. मुळापासून पडदा उसवण्याइतका जोर होता, म्हणजे आत आणखीही काही हललं असणार, असं धरूनच मी प्रत्येक असा डोळा तपासायला घेतो.

2002 साली फेरेंक कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि हंगेरीतल्या नोंदवह्यांमधल्या अडीच हजारांहून जास्त डोळ्यांच्या जखमा तपासून एक गुणपत्रिका तयार केली. पुढे नजर किती राहील याचा अंदाज ज्यावरून बांधता येतो अशा सहाच गोष्टी त्यांनी ठेवल्या. सुरुवातीची नजर, डोळा फुटला आहे का, आत जंतुसंसर्ग झाला आहे का, जखम आरपार आहे का, मागचा पडदा सुटला आहे का, आणि नस काम करते का. त्या सहांत रंगीत पडद्याचं नावसुद्धा नाही.

तुम्ही घरी एक साधी गोष्ट करून बघा. जाड कागदाला सुईने बारीक भोक पाडा. चांगला डोळा तळहाताने न दाबता झाका, आणि मार लागलेल्या डोळ्यासमोर ते भोक धरून भिंतीवरच्या कॅलेंडरचे मोठे आकडे बघायला सांगा. आकडे आधीपेक्षा स्पष्ट झाले तर ती चांगली बातमी आहे. मोठी झालेली बाहुली, किंचित सरकलेलं भिंग, तात्पुरता आलेला नंबर, अशा पुढच्या भागातल्या कारणांचा त्यात वाटा आहे, आणि मागचा मध्यबिंदू काम करतो आहे असा त्याचा अर्थ. काहीच फरक पडला नाही तर एवढ्यावरून निराश होऊ नका. भिंग गढूळ झालं असेल किंवा आत जेलीत रक्त असेल तरी भोकातून सुधारणा होत नाही.

नसेची परीक्षा मात्र डॉक्टरांनीच करायची, आणि ती कशी होते हे तुम्हाला माहीत असावं, कारण फाटलेल्या बाहुलीमुळे ती राहून जाते. दोन्ही बाहुल्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. एका डोळ्यावर बॅटरीचा उजेड टाकला की दोन्ही आकसतात. तुमच्या भावाची उजवी बाहुली फाटलेली आहे, ती हलणार नाही, म्हणून कधीकधी तपासणाऱ्याला वाटतं की आता या परीक्षेत अर्थ नाही. पण उत्तर डाव्या बाहुलीकडून मिळतं. बॅटरी डाव्या डोळ्यावरून उजव्यावर नेली आणि डावी बाहुली आकसलेली राहायच्या ऐवजी पसरायला लागली, तर उजव्या डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. नसेला मार आहे, किंवा मागच्या पडद्याचा मोठा भाग निकामी आहे. मी ही परीक्षा घरच्यांना शेजारी उभं करून दाखवतो. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं माणसाला पटतं, आणि पुढचे निर्णय सोपे जातात. नसेला मार असेल तर कुठेकुठे स्टिरॉईडचे मोठे डोस सलाईनमधून देतात. त्याने नजर वाढते असं सिद्ध झालेलं नाही. आणि डोक्यालाही मार असेल तर ते धोक्याचं आहे. डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर झालेली 'क्रॅश' नावाची चाचणी 2004 साली याच कारणाने थांबवावी लागली होती. स्टिरॉईड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले होते.

आता रक्ताविषयी. पहिल्या आठवड्यात बुबुळाच्या काचेमागे रक्त होतं, ते उतरलं, इतकं तुम्ही लिहिलंय. त्या आठवड्यात डोळ्याचा दाब किती होता, ते फाईलमध्ये बघा. साधारण 10 ते 21 (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) हा दाब ठीक असतो. रक्ताच्या पेशींनी निचऱ्याची जाळी बुजली की दाब चढतो, आणि चढलेला दाब नसेला मारतो. धडधाकट माणसाची नस काही दिवस बराच दाब सहन करते. 50 च्या आसपासचा दाब पाच दिवस राहिला तर रक्त धुऊन काढायचं, असा आमचा जुना ठोकताळा आहे.

पण आपल्या भागात हा ठोकताळा सगळ्यांना लागू होत नाही, आणि हे मला मोठ्याने सांगायचं आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, हा सगळा सातपुड्याच्या कुशीतला पट्टा. इथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्तपेशींचा आजार, आहे. ज्यांना पूर्ण आजार आहे त्यांना तो बहुतेकदा ठाऊक असतो. ज्यांच्यात तो निम्मा आहे, म्हणजे जे फक्त वाहक आहेत, ती माणसं रानात दिवसभर राबतात, त्यांना कधी काही होत नाही, आणि आपण वाहक आहोत हे त्यांना माहीतही नसतं. डोळ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. तिथे सांडलेल्या त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, जाळीतून निसटत नाहीत, तिथेच अडकतात. थोड्या रक्तानेही दाब चढतो, आणि नसेचं रक्ताभिसरण साधारण दाबातही बंद पडू शकतं. अशा डोळ्यात 24 चा दाब दिवसभराहून जास्त टिकला तरी आम्ही धुण्याचा विचार करतो. शिवाय दाब उतरवायला सर्रास दिली जाणारी ॲसिटाझोलामाईडची गोळी इथे टाळतो, कारण ती पेशींचं वाकणं वाढवू शकते. दाब उतरवायला शिरेतून देतात ती मॅनिटॉलची बाटलीही जपूनच.

पहिल्या वर्षांत मी स्वतः एका पोराला, धडगावकडच्या, ती गोळी लिहून दिली होती. रक्त अगदी थोडं होतं. तिसऱ्या दिवशी त्याची नस पांढरी पडायला लागली, तेव्हा मी सिकलसेलची तपासणी पाठवली. तेव्हापासून माझ्याकडे डोळ्यात रक्त घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची ती तपासणी पहिल्याच दिवशी होते, मग तो कोणत्याही गावचा, कोणत्याही समाजाचा असो. साधी सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करतात. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे. गावात पथक आलं की करून घ्या आणि कार्ड जपून ठेवा. तुमच्या भावाची झाली नसेल तर आताही करा. पुढे ऑपरेशन करायचं ठरलं तर ती उपयोगी पडेल.

नजर अडण्याची जागा बहुतेक वेळा भिंगात किंवा मागच्या पडद्यात सापडते. भिंगाला धक्का बसला तर त्यात फुलाच्या पाकळ्यांसारखा मोतीबिंदू येतो, कधी लगेच, कधी वर्षांनी. धागे तुटले असतील तर भिंग एका बाजूला कलतं, आणि नजर हलवली की आयरिस पाण्यावरच्या पानासारखी थरथरते. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा. नजर भिंगात अडली असेल तर ती ऑपरेशनने मोकळी होऊ शकते. फक्त हा रोजचा मोतीबिंदू नव्हे. धागे तुटलेल्या डोळ्यात भिंगाच्या पिशवीला आधार द्यायला वेगळी रिंग लागते, कधी नवं भिंग टाक्यांनी बसवावं लागतं. शिबिरात नेऊन उरकायचं हे काम नाही.

मागच्या पडद्याचं नुकसान अनेक प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचं भविष्य वेगळं. धक्क्याने पडदा सुजून पांढुरका पडला असेल, तर ती सूज तीन-चार आठवड्यांत ओसरते आणि नजर बऱ्यापैकी परत येते. तुमच्या भावाला 16 दिवसच झालेत, म्हणून ही आशा अजून शिल्लक आहे. मध्यबिंदूला भोक पडलं असेल तर तरुण वयात ते काही वेळा आपसूक बुजतं. म्हणून काही आठवडे, कधी काही महिने, ओसीटी, म्हणजे मागच्या पडद्याच्या थरांचा फोटो, काढत लक्ष ठेवतात, नाही बुजलं तर ऑपरेशन करतात. पडद्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर चंद्रकोरीसारखा तडकला असेल आणि ती तडक मध्यबिंदूतून गेली असेल, तर मधली नजर परत येत नाही. हे सांगताना मला नेहमी जड जातं, पण खोटी आशा देऊन घरच्यांना दारोदार फिरवणं त्याहून वाईट. अशा तडकीच्या जागी पुढे महिन्या-वर्षांनी नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवू शकतात. दाराची चौकट अचानक वाकडी दिसायला लागली तर त्याच आठवड्यात दाखवा, त्यावर इंजेक्शनचा इलाज आहे.

सगळ्यात फसवं नुकसान कडेचं. मागचा पडदा आपल्या कडेपासून, बहुतेकदा खालच्या बाहेरच्या बाजूला, सुटतो. तिथून पाणी हळूहळू आत शिरतं. तरुणांच्या डोळ्यातली जेली घट्ट असते, ती पडद्याला धरून ठेवते, म्हणून काही महिने कळतही नाही. मग एक दिवस एका बाजूने सावली सरकत येते. ही कडा बघायला बाहुली मोठी करून, डोळा बाहेरून हलकेच दाबून तपासावं लागतं. रक्त सांडलेल्या डोळ्यात ते दाबणं पहिले तीन-चार आठवडे टाळतात, पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून पहिल्या दिवशी "मागे ठीक दिसतंय" असं ऐकलेलं असलं तरी महिना झाल्यावर ही कडेची तपासणी राहिली आहे असंच समजा. आत रक्त असून मागचं दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात.

आता शिवण्याचं. आयरिस कातडीसारखी भरून येत नाही. सुटलेला भाग सुटलेलाच राहतो. पण तो सुटलेला राहिल्याने नजर आणखी जात नाही, म्हणून घाई नाही. सूज पूर्ण उतरू द्यायची, दाब स्थिर होऊ द्यायचा, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. भिंगाचंही काम निघणार असेल तर दोन्ही एकाच बैठकीत करणं बरं, डोळा दोनदा उघडावा लागत नाही. केसाच्या निम्म्याहूनही बारीक असलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या दोऱ्याने सुटलेली कड डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला आतून टाचतात. त्यातून मिळतं काय? उन्हात दिपणं कमी होतं, एका डोळ्याने दोन दिसणं थांबतं, आणि बाहुली बरीचशी गोल दिसते. लग्नाच्या वयाच्या पोराला या शेवटच्या गोष्टीचंही मोल असतं, ते कोणी हलक्यात घेऊ नये. फट वरच्या पापणीखाली झाकली जात असेल आणि त्रास नसेल तर मी शिवायला सांगत नाही. तोवर गडद चष्मा आणि टोपी. बाहुलीच्या भोवतीचा स्नायू फाटला असेल तर ती कायमची थोडी मोठी राहते, शिवूनही चांगल्या डोळ्यासारखी हलत नाही.

निचऱ्याचा कोपरा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण मोठमोठ्या धोक्यांच्या गर्दीत लोक तो विसरतात. रंगीत पडदा मुळाशी उसवतो तेव्हा हा कोपराही फाटलेला असण्याची शक्यता मोठी. चार ते सहा आठवड्यांनी डोळ्यावर आरशाची काच ठेवून तो बघतात. अर्ध्याहून जास्त घेर फाटला असेल तर अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे काचबिंदू होतो, आणि तो दहा-वीस वर्षांनीही येतो. दुखत नाही, लाल होत नाही. पारोळ्याकडचे एक गृहस्थ वयाच्या 41 व्या वर्षी माझ्याकडे आले. एका डोळ्यात काचबिंदू शेवटाला आलेला, दुसरा एकदम निरोगी. एकाच डोळ्यात एवढा काचबिंदू दिसला की मी माराविषयी विचारतोच. ते म्हणाले, कधी मार नाही. बरोबर आलेली म्हातारी आईच बोलली, "आखाजीनी सुट्टीमा विटी लागनी व्हती ना रे." तेव्हा ते 11 वर्षांचे होते. चार दिवस डोळा लाल होता, मग बरा झाला, आणि 30 वर्षं कोणी दाब मोजला नाही.

म्हणून तुमच्या भावाचा दाब सध्या दर आठवड्याला, मग तीन आणि सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून एकदा आयुष्यभर मोजायचा. नजर पूर्ण परत आली तरीही. सध्या स्टिरॉईडचे थेंब चालू असतील तर ते मेडिकलवरून परस्पर पुन्हा आणू नका, काहींचा दाब त्या थेंबांनीच चढतो. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या पहिले काही आठवडे नकोत.

घरात लहान मुलं असतील म्हणून एवढं लिहून ठेवतो. डोळ्यावर मार बसला की आपल्याकडे पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर मारून शेकतात. मायेनं करतात. पण आतून डोळा फुटला असेल तर तेवढ्या दाबानेही आतलं बाहेर येतं. दूध, मध, तूप काही घालू नका. कागदी कपाचा कापलेला तळ डोळ्यावर, त्याची कडा भोवतीच्या हाडावर टेकेल आणि डोळ्याला कुठेही लागणार नाही असा ठेवून चिकटपट्टी लावा. डोकं उंच ठेवा, आणि तसंच डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसली किंवा काळसर जेली बाहेर आलेली दिसली तर ऑपरेशन लागणार असं समजा, वाटेत चहा-पाणीही देऊ नका.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. डाव्या बाहुलीकडे बघून नसेची परीक्षा केली का, भिंग जागेवर आहे का, मध्यबिंदूचा ओसीटी काढला का, आणि कोपरा व कडेची तपासणी कोणत्या तारखेला करायची. रेटिनाचे तज्ज्ञ जळगाव, धुळे, नाशिकला मिळतील. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे काम बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आणि धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

एका डोळ्यावर अंतराचा अंदाज चुकतो. कपात चहा ओततानासुद्धा तो बाहेर सांडतो. हळूहळू सवय होते, पण पहिले काही महिने त्याला मोटारसायकल देऊ नका. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा करून द्या, चांगल्या डाव्या डोळ्याच्या रक्षणासाठी, आणि शेतात कामाला जाताना तो घातलाच पाहिजे. भारा बांधायचं ट्यूबचं रबर घरात उरलं असेल तर आजच काढून टाका, त्याच्याऐवजी दोरी घ्या.